"गोल दाखव" म्हणजे काय: सांगली-मिरजेतल्या हॉस्पिटलचालकांना आणि सर्जन मंडळींना खुलं पत्र

सांगली-मिरजेतले हॉस्पिटलचालक, हाडांचे सर्जन आणि ओटी इन्चार्ज सिस्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एक्सरे टेक्निशियन आहे. मिरजेत हे काम करायला लागून मला १९ वर्षं झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला रोज पाहिलंय, पण बाजारात भेटले तर ओळखणार नाही, कारण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, माझं तोंड मास्कमध्ये असतं आणि उरलेली मी शिशाच्या अ‍ॅप्रनमध्ये. आवाज मात्र ओळखाल. तुम्ही "शूट" म्हणता आणि पायाच्या बाजूनं कुणीतरी "घेतला सर" म्हणतं, ती मी.

यंदाच्या गळीत हंगामात एका रविवारी रात्री पावणेएकला माझा फोन वाजला. माझ्याकडं इंटर्नशिप केलेली एक मुलगी होती. एका खासगी हॉस्पिटलात लागून तिला तीन आठवडे झाले होते. ओटीच्या चेंजिंग रूममधून कुजबुजत बोलत होती.

"मॅडम, सर म्हणतायत गोल दाखव. कशाचं गोल?"

केस अशी होती: उसाची डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, अंधारात त्यावर जाऊन आदळलेली मोटरसायकल आणि मांडीचं हाड मधोमध तुटलेला पोरगा. हंगामात अशा केसेस आपल्याकडं किती येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. हाडात रॉड बसला होता, खालचं लॉकिंग, म्हणजे रॉड हलू नये म्हणून आडवे स्क्रू घालणं, राहिलं होतं. रॉडच्या खालच्या टोकाला आरपार भोकं असतात. ती मांसाच्या आणि हाडाच्या आत, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं कमानीचं मशीन; त्याच्या पडद्यावर ते भोक अगदी गोल दिसलं, म्हणजे किरण त्यातून सरळ आरपार जातोय. मग सर्जन ड्रिलचं टोक त्या गोलाच्या मधोमध धरतात. लांबट दिसलं तर मशीन तिरकं आहे, आणि कुठल्या अंगानं लांबट दिसतंय त्यावरून मशीन कुठं वळवायचं ते कळतं. लिहायला मला चार-पाच ओळी लागल्या. हातात यायला दीड वर्ष लागलं होतं. आणि फोनवर मला मिळालं एक मिनिट.

"रॉडचं भोक गं. लांबट दिसतंय का?"

"दोन-दोन दिसतायत, एकावर एक."

"बरं. मग आधी कमान..."

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं आणि फोन कट झाला.

सकाळी बाकीचं कळलं. लॉकिंगला तासभर गेला. किरण सोडल्याची दर ५ मिनिटं भरली की वाजणारा मशीनचा बझर तीनदा वाजला. बझर कशाचा, हे तिला माहीत नव्हतं. मशीन बिघडलं असं वाटून एकदा तर तिनं ते बंद करून परत चालू केलं. त्यात पडद्यावरचं चित्रही गेलं. सर काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. पेशंट ठीक आहे, रॉड नीट बसलाय, पोरगा वॉकर घेऊन चालतोय. सोमवारी दुपारी त्या मुलीच्या हातात ऑफिसातून कागद पडला: कामात निष्काळजीपणा. तिनं त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, मी सीटीलाच परत जाऊ का?"

त्या तीन आठवड्यांत तुला सी-आर्म कुणी दाखवला होता का, असं मी तिला विचारलं. दाखवला होता म्हणाली. कॉरिडॉरमध्ये, कव्हर घातलेला.

हे एका हॉस्पिटलचं गाऱ्हाणं असतं तर मी तिथं जाऊन बोलले असते. पण मी ज्या-ज्या टेक्निशियनला विचारलं, त्याची-तिची ओटीतली पहिली रात्र थोड्याफार फरकानं हीच आहे. म्हणून उघड लिहितेय.

"कॉलेजात शिकवत नाहीत का?" हा प्रश्न मला एका संचालक साहेबांनी विचारला होता. शिकवतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स ३ वर्षांचा आहे आणि वर १ वर्ष इंटर्नशिप. सी-आर्मचा धडा असतो, आकृती असते. पण शिकाऊ पोराला ओटीत नेलं तरी तो भिंतीला टेकून उभा राहतो. त्याच्या पुढं ज्युनिअर रेसिडेंट, त्यांच्या पुढं सिनिअर रेसिडेंट, मग सर. टेबलावर काय चाललंय ते त्याला माणसांच्या पाठींमधल्या फटीतून दिसतं. बाकीची इंटर्नशिप छातीच्या एक्सरेत, मशीन वॉर्डात नेऊन काढायच्या पोर्टेबलमध्ये आणि फॉर्म भरण्यात जाते. तेही लागतं, छातीचे हजार एक्सरे काढल्याशिवाय हात बसत नाही. मात्र एक्सरे रूम आपली असते. पेशंटला "श्वास घ्या, धरा" आपण सांगतो, दार आपण लावतो. ओटीत आपण दुसऱ्याच्या घरात पाहुणे. कुठल्या कापडाला शिवायचं, कुणाच्या मागून जायचं, कधी बोलायचं, सगळं दुसऱ्याच्या रीतीनं. त्या रीतीत कुणी हात धरून नेलं नाही तर माणूस उंबऱ्यातच अडखळतो.

माझीच पहिली रात्र सांगते, म्हणजे मी शहाणपणाच्या जागेवरून बोलत नाही हे कळेल. खुब्याचं हाड होतं. अथणीकडचे आजोबा, पाठीत भूल दिलेली, म्हणजे पूर्ण जागे. एपी, म्हणजे समोरून घ्यायचा फोटो, जमला. सर म्हणाले, "लॅटरल." म्हणजे बाजूनं. मी ब्रेक सोडला आणि कमान फिरवायला जोर लावला. फिरली नाही, अख्खं मशीनच सरकलं, कारण मी सोडलेला ब्रेक चाकांचा होता. किरण सोडणाऱ्या ट्यूबचं उघडं डोकं जाऊन ड्रेपला, म्हणजे निर्जंतुक चादरीला, टेकलं. सगळं थांबलं. ड्रेप बदला, सरांचा गाऊन बदला, ग्लोव्हज बदला. पंधरा मिनिटं कुणी एक शब्द बोललं नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पडद्याच्या पलीकडून आजोबांनी विचारलं, "याकव्वा (का गं पोरी), मशीन बंद पडलं काय?" मी म्हटलं, "नाही आजोबा, चूक माझीच झाली." ते म्हणाले, "असू दे, असू दे." त्या रात्री मला धीर देणारा ओटीत एकच माणूस होता, आणि त्याचाच खुबा मोडलेला होता.

त्या मशीनला पाच ब्रेक होते. चाकांचा वेगळा, आत-बाहेर सरकवण्याचा वेगळा, कमान घसरवण्याचा वेगळा, गोल फिरवण्याचा वेगळा, डावं-उजवं झुलवण्याचा वेगळा. हे शिकायला पेशंट लागत नाही. रिकामी ओटी आणि दोन तास लागतात. टेबलावर उशी ठेवा, उशीवर जुना रॉड ठेवा, की झालं. ते दोन तास मला कुणी दिले नाहीत, आणि १९ वर्षांनंतर त्या मुलीलाही नाहीत. मधल्या काळात मशीन मात्र दोनदा बदललं. प्रत्येक वेळी कंपनीचा माणूस आला, इन्स्टॉलेशनच्या दिवशी अर्धा तास बटणं दाखवली, कागदावर सही घेतली आणि सहाची गाडी गाठली. "ट्रेनिंग दिलं" असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी ड्युटीवर नसलेल्यांचं काय, हे त्यात नसतं.

आपलं गाव दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, याचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. मिशन हॉस्पिटल सुरू झालं १८९४ साली, आणि राँटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात. म्हणजे मिरजेची वैद्यकी एक्सरेपेक्षा वर्षानं मोठी. बेळगाव-विजापूरकडनं माणसं रेल्वेत बसून अजून इथंच येतात. गावाचा दुसरा अभिमान सतारीचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत कधी दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघा. नवीन पोरगं भोपळा घासतं, लाकूड घासतं, खुंट्या बसवतं. जवारी काढायचं काम, म्हणजे घोडीवर कानस फिरवून आवाज मोकळा करायचं, त्याच्या हातात पहिल्या महिन्यात कुणी देत नाही. वर्षानुवर्षं तो शेजारी बसून नुसतं ऐकतो. ती सतार बिघडली तर घोडी बदलता येते, तरीही देत नाहीत. त्याच गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही कामाला लागून तीन आठवडे झालेल्या पोरीला मध्यरात्री एकटीनं मांडीच्या केसला उभं करतो.

माझं मागणं एकच आहे. नव्या टेक्निशियनला पहिला एक महिना ओटीत एकटं पाठवू नका. जोडीनं पाठवा. सुरुवातीला तिनं नुसतं बघायचं, पण भिंतीला टेकून नाही, सिनिअरच्या खांद्याला खांदा लावून. मग मशीन तिनं हलवायचं आणि सिनिअरनं तोंडानं सांगायचं. शेवटी मशीनही तिचं, बोलणंही तिचं, आणि सिनिअर हाताची घडी घालून मागं उभा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि खरं शिक्षण त्यातच असतं. दिवस मोजण्यापेक्षा केसेस मोजल्या तर अजून चांगलं: मनगटाची तार, नडगीचा रॉड, मांडीचा रॉड, खुबा, मणका, हे सगळं निरनिराळं आहे. मनगट जमलं म्हणून खुबा जमत नाही. खुब्याच्या हाडाची मान सरळ नसते, दहा-पंधरा अंश पुढं झुकलेली असते, त्यामुळे लॅटरलला मशीनही तेवढंच कलतं करावं लागतं, आणि तेही फ्रॅक्चर टेबलावर ताणून बांधलेल्या पायांच्या मधून, ड्रेपला न शिवता. फ्रॅक्चर टेबल पहिल्यांदा बघणाऱ्याला तर आधी हे जत्रेतलं काय आहे असंच वाटतं. युरॉलॉजीतली पाठीतून मुतखडा काढायची केस असेल तर पेशंट बहुधा पालथा, सगळी दिशाच उलटी.

"आमच्याकडं टेक्निशियनच एक आहे, जोडी कुठनं आणू?" हे खरं आहे. एक्सरे, पोर्टेबल, सीटी आणि ओटी एकाच माणसाच्या गळ्यात असलेली हॉस्पिटलं इथं थोडी नाहीत. पण आपली हॉस्पिटलं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की एकाच्या गच्चीवरून दुसऱ्याची वाळत घातलेली चादर दिसते. रक्त लागलं तर एकमेकांकडं फोन करता, भूलतज्ज्ञ तर तेच ते चार हॉस्पिटलांत फिरतात. मग नव्या पोरीला महिनाभर शेजारच्या हॉस्पिटलात केसेस बघायला पाठवायला काय हरकत आहे?

आता सर्जन मंडळींशी दोन शब्द, राग मानू नका. एक सर "आत" म्हणतात म्हणजे मशीन टेबलाकडं ढकल. दुसरे सर "आत" म्हणतात म्हणजे डोक्याकडं घे. तिसऱ्यांचं "वर" म्हणजे पेशंटच्या डोक्याकडं, आणि चौथ्यांचं "वर" म्हणजे मशीनची उंची. आम्ही जुनी माणसं कोण बोलतंय ते ऐकून ओळखतो. नवी मुलगी शब्द ऐकते आणि चुकते. मग सरांचा आवाज चढतो, तिचे हात कापायला लागतात आणि पुढचे तीन फोटो आधीपेक्षा वाईट येतात. सांगलीतले एक सर स्क्रब करण्याआधी टेक्निशियनला बोलावतात, पेशंटचा जुना एक्सरे व्ह्यू बॉक्सवर लावतात आणि सांगतात, आज मला हे तीन व्ह्यू लागतील, मशीन या बाजूनं येईल, मॉनिटर इथं. दोन मिनिटं. त्यांच्याकडं "डोक्याकडं", "पायाकडं", "माझ्याकडं", "तुझ्याकडं" एवढे चारच शब्द चालतात. आमच्यात त्यांच्या केसला जायला भांडणं होतात, यावरून समजा.

आणखी एक युक्ती, फुकटची. आमच्या ओटीच्या फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. खुब्याच्या केसला एपीला चाकं पिवळ्या पट्टीवर, लॅटरलला लाल पट्टीवर. दर वेळी नव्यानं शोधत बसायचं नाही, आणि शोधताना किरण सोडायचा नाही. ही पट्टी एका सफाईवाल्या मावशींनी दोनदा खरवडून काढली होती; आता त्याच नवीन आलेल्यांना दाखवतात.

किरणाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते, कारण इथं नुकसान फक्त त्या मुलीचं नाही. नवखा माणूस जागा शोधायला स्क्रीनिंग, म्हणजे सलग किरण, चालू ठेवतो. किरण अख्ख्या आकारानं सोडतो, किरण अरुंद करणारा कोलिमेटर आवळत नाही. शेवटचं चित्र पडद्यावर राहतं, त्याकडं बघूनही काम होतं, हे त्याला माहीत नसतं. आणि पेशंटच्या अंगावरून उडालेला स्कॅटर स्क्रब सिस्टरला लागतो, भूलतज्ज्ञांना लागतो, अ‍ॅप्रन कमी पडला म्हणून ट्रॉलीमागं उभ्या राहिलेल्या ब्रदरला लागतो. ट्यूब टेबलाखाली ठेवली की तो जास्त करून पायांकडं जातो. वर घेतली की तोंडाकडं, मानेकडं. लॅटरलला ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नसतं, पलीकडं राहायचं असतं. १ मीटरवरून २ मीटरवर गेलं की मार चौथाईवर येतो. त्या रात्री बझर तीनदा वाजला, म्हणजे निदान १५ मिनिटांचं स्क्रीनिंग. त्या खोलीतल्या बाकी कुणालाही सोमवारी कागद मिळाला नाही, पण किरण सगळ्यांना मिळाला. तो बझर कटकट म्हणून रिसेट करायचा नसतो. या केसमध्ये आत्तापर्यंत किती किरण सोडला हे सांगायला तो ठेवलाय.

अंगावर किती किरण पडला ते मोजणारा त्या मुलीचा टीएलडी बॅजही अजून आलेला नव्हता. तिच्या आधीचा टेक्निशियन सोडून गेला होता, त्याचा बॅज खुंटीला होता, तो लाव म्हणून तिला सांगितलं. म्हणजे तिच्या अंगावरचा डोस त्याच्या नावावर. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी आहे. पण ज्याचा हिशेबच दुसऱ्याच्या खात्यावर मांडलाय त्याला मर्यादा कळणार कुठून? बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लावायचा, अ‍ॅप्रन घडी न घालता टांगायचा, घडीत शिसं चिरतं, हेही कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायचं असतं. अ‍ॅप्रनची घडी घालून त्यावर डबा ठेवून जेवणारे महाभाग मी पाहिलेत. चांगल्या शिकलेल्या घरचे.

कायद्याचं मी थोडक्यात लिहिते, तुमच्याकडं वकील आहेत. क्ष-किरण मशीन चालवणाऱ्याकडं त्याचं शिक्षण असावं लागतं, आणि २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत नियोक्त्याच्या जबाबदाऱ्या स्वतंत्र लिहिलेल्या आहेत. टेक्निशियन नसेल तेव्हा वॉर्डबॉयला "तू दाब रे बटण" म्हणायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कशात बसते ते वकिलांनाच विचारा. अलाईड हेल्थ व्यवसायांसाठीचा २०२१ चा केंद्राचा कायदा आल्यापासून आमच्या व्यवसायाचंही नाव संसदेच्या कागदावर आलंय. ओटीत अजून "ए एक्सरे" अशीच हाक येते, ते सोडा.

"शिकवलं की पुण्याला पळतात," हे तुमचं दुखणं मला माहीत आहे. पळतात. पण माझ्या बघण्यातले बरेचसे पगारासाठी गेले, आणि काही जण अशा एका रात्रीनंतर गेले. दुसऱ्या प्रकारचे थांबवता आले असते. शिवाय न शिकवता थांबलेला टेक्निशियन तुम्हाला परवडतो का? भूल दिलेला पेशंट, थांबलेली ओटी, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, आणि आत गोल शोधणारी पोरगी.

यात आम्हा सिनिअरांनाही मी सोडत नाही. "आम्हाला कुणी शिकवलं? आम्ही बघून बघूनच शिकलो," हे वाक्य मी स्वतः चार वेळा तरी बोलले असेन. कधी कौतुकाच्या भरात, कधी खरं सांगायचं तर भीतीनं. नवी पोरगी तयार झाली तर रात्रीचा फोन तिला जाईल, मग आपल्याला कोण विचारतो? त्या रविवारी तिच्या हॉस्पिटलातला सिनिअर गावच्या जत्रेला गेला होता. जावं, हक्काची सुट्टी आहे. पण जाताना त्यानं फोन बंद ठेवला होता, आणि ती मला फोन करण्याआधी त्याला सात वेळा करून बसली होती. इंटर्नशिपमध्ये ती वर्षभर माझ्याकडं होती. मीही तिला एकदाही डिस्टल, म्हणजे खालच्या, लॉकिंगला पुढं बोलावलं नव्हतं. केस मोठी होती, सर तापट होते, मी म्हटलं होतं, "तू तिकडं थांब."

ती सीटीला परत गेलेली नाही. कागदाला उत्तर आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, दीड पान झालं, त्यात ब्रेक किती असतात तेही लिहिलं.

आमची ओटी रविवारी दुपारी दोन ते पाच बहुधा रिकामी असते. सरांची आणि इन्चार्ज सिस्टरची परवानगी मी घेतली आहे. तुमच्याकडं नवीन लागलेली मुलं-मुली असतील तर पाठवा. उशी, जुना रॉड आणि मोडक्या सलाईन स्टँडचा पाय एवढ्यावर मी लॅटरल आणि गोल दोन्ही दाखवीन. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, किरण तसाच जातो. येताना त्यांच्यासोबत अ‍ॅप्रन आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा बॅज तेवढा द्या. आमच्याकडं अ‍ॅप्रन तीनच आहेत आणि त्यातल्या एकाला चीर गेली आहे.

आपली,
एक एक्सरे टेक्निशियन, मिरज